पाचवा बॉलर

१० जानेवारी
लिहिली टीम! सहा बॉलर, एक कीपर, माझ्यासकट चार बॅट्समन. आमचा कीपर जोएल कपाळाला हात लावून बसला. "गहिनी, आरं रन काय तुझा मेव्हना काढनार व्हय?"
मी म्हणालो, पिच ओलं आहे. खोटं! बॉलर कमी पडला की सगळे माझ्याकडे बघतात. एके काळी नवा बॉल मीच टाकायचो ना.

१२ जानेवारी
सेमी फायनल. त्रेसष्टमध्ये ऑलआउट! बॉलरांनी कशीबशी वाचवली. फायनल पुणतांब्याशी, त्यांच्याच मैदानावर.
पुणतांबा. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मच्छिंद्रच्या कानशिलात माझा आखूड बॉल बसला. हेल्मेट नव्हतं. उजवा कान कायमचा गेला. मी भेटायलासुद्धा गेलो नाही — तोंडच नव्हतं. आज मॅचआधी नारळ फोडताना मी लांब गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. तो आवाज नको वाटतो.

१५ जानेवारी
जोएलपुढे हरलो. भिमाजीला काढून एक बॅट्समन घेतला. बॉलर पाच, प्रत्येकी चार ओव्हर. वीस ओव्हर बरोब्बर भरतात. भरतील ना?

१८ जानेवारी
ओंकारचा सुप्याहून फोन. "दादा, कंपनीनं रजा न्हाई दिली." राहिले चार बॉलर! भिमाजी रुसलाय, फोन उचलत नाही. जोएल म्हणतो, "तू हायेस की."
जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी
हरलो.
माझी ओव्हर आली. टोपी द्यायला पंचाकडे गेलो, तर पंच बदललेला, आणि नवा पंच मच्छिंद्र! काहीतरी पुटपुटलो. त्यानं डावा कान पुढे केला. "हिकडनं बोल."
"माफ कर," म्हणालो.
"बॉल लागला त्ये कवाच माफ केलं. पन तीन वर्सं घरी आला न्हाईस, त्ये न्हाई. जा, टाक."
चोवीस बॉल टाकले. सगळे पुढे, बॅटीखाली. धू धू धुतलं मला. आखूड एकही टाकला नाही. घाबरट!

२१ जानेवारी
पुणतांब्याला गेलो, त्याच्या घरी. मच्छिंद्र अंगणात हेल्मेट घालून, बॅट घेऊन उभा. माझ्याकडे बॉल फेकला.
"आता आखूड टाक."