कॅमेऱ्यामागची मामी

आकुर्डी, ७ जुलै २०२५

चि. दीक्षास,
अ. आ., जयभीम.

माणच्या तुझ्या कंपनीत माणसं दिवसभर संगणकाच्या काचेशी बोलतात, म्हणून तुला विचारतो. चाकणला नोकरी करून पदवी करणाऱ्या मुलांचा संख्याशास्त्राचा तास ऑनलाइन घ्या, नाहीतर विषय दुसऱ्याकडे देऊ, असा कॉलेजचा हुकूम आहे. पाच प्रशिक्षणं झाली. प्रत्येकात चहा, बिस्किटं आणि बटण कुठलं ते. बटण मला सापडतं गं. पण एकतीस वर्षं मी पोरांच्या कपाळावरची आठी बघून शिकवलं. इथे बेचाळीस काळे चौकोन. काल वाटलं, आपल्याच शोकसभेत भाषण करतोय. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. शिकवणंच गेलं तर मी करू काय? भीती वाटते.

लोभ आहेच, उपाय पाठव.
तुझा मामा,
जयसिंग

माण, १२ जुलै

ति. मामांस,
स. जयभीम वि. वि.

फोन उशाशी असून पोस्टाने पत्र पाठवणारा माणूस ऑनलाइन शिकवणार, म्हणून आधी हसले. मग वाईट वाटलं. मामा, ती पोरं कंपनीच्या बसमधून तास ऐकतात. कॅमेरा लावून स्वतःची पेंग दाखवतील होय? आठीच हवी असेल तर मामींना समोर बसवा. त्यांना पटलं नाही की एक सोडून तीन उमटतात.

राग नसावा, माया असू द्या.
तुमची भाची,
दीक्षा

आकुर्डी, २ ऑगस्ट

चि. दीक्षास,
अ. आ., जयभीम.

मामीला बसवलं. मी सरासरी शिकवत होतो. मटार सोलता सोलता ती म्हणाली, काल टाकी भरून पाणी, आज ठणठणाट, सरासरी अर्धी टाकी. मग आता भांडी कशाने घासू? आकडे सरासरीपासून किती लांब पडतात ते विचलन मी तिथूनच सुरू केलं. चौकोनांतून हसू आलं. आता पोरं तासाआधी काकू आहेत का विचारतात. विषय तूर्त माझ्याकडेच आहे. कॉलेजच्या अहवालात तिची नोंद मी 'सहायक साधन' अशी केलीय. तिला सांगू नकोस.

असाच जीव लाव.
जयसिंगमामा

आकुर्डी, २० ऑगस्ट

चि. दीक्षास,
अ. आ., जयभीम.

'सहायक साधन' मी वाचलं. तुझे मामा कागद उघडेच टाकतात. आठवीनंतर लग्न झालं नि माझी शाळा सुटली, ती खंत होतीच. यांच्या तासांनी ती उकरून काढली. बाहेरून दहावी द्यायला सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. शिकवणी दापोडीला, संध्याकाळी सहाला, नेमकी यांच्या तासाच्या वेळेला. मी म्हटलं, उद्यापासून कॅमेऱ्यामागे कुकर मांडा.

यांनी सकाळी उठून प्राचार्यांना अर्ज लिहिला, मला वाचून दाखवला. लिहिलंय की, प्रभावतीबाई वर्गातून घरी येईपर्यंत माझा तास सुरू होणार नाही. हवा तर विषय काढून घ्या.

तब्येत जप, जेवत जा.
तुझी मामी,
प्रभावती