आवाज त्यांचा, चेहरा यांचा

३ जून

पोचलो एकदाच्या! ओहायोपासून दोन दिवस गाडी हाकली, आणि दोन्ही दिवस माझ्या लेकीची, ज्युनिपरची, मागच्या सीटवरून अखंड बडबड. किसिमी गावातली ही भाड्याची खोली लहान आहे, पण खिडकीशी जास्वंद आहे आणि पायरीवर सरडे ऊन खात पसरलेले असतात. ज्युनीने तासाभरात सगळ्या सरड्यांना नावं ठेवली, म्हणजे चांगल्या अर्थाने. सहा वर्षांची पोर, पुढचा एक दात पडलेला, तरी तोंडाला क्षणाचा विसावा नाही. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच मी आज स्वयंपाक करताना गुणगुणत होते. उद्यापासून लँटर्न बे या करमणुकीच्या पार्कच्या दुकानात नोकरी.

६ जून

काम आवडलं. आमच्या दुकानात सगळं टकरचं. टकर म्हणजे कार्टूनमधलं, पिवळ्या रेनकोटातलं पाणमांजर. या देशात त्याला न ओळखणारं मूल सापडायचं नाही. माझ्यासोबत काउंटरला मिग्दालियाबाई आहेत. मूळच्या पोर्तो रिकोच्या, इथे एकोणीस वर्षं. त्यांनी गंमत सांगितली. टकरवरून दोन पार्कांचं कोर्टात भांडण झालं, तेव्हा न्यायाधीशाने त्याची वाटणी केली. आवाज आम्हाला, चेहरा हायवेपलीकडच्या मेडोलँडला. म्हणून आमच्या बाहुल्यांची टोपी हनुवटीपर्यंत ओढून शिवलेली असते. पोट दाबलं की आतून हसतो आणि म्हणतो, ‘चल, डबक्यात उडी मारू!’ मेडोलँडच्या टकरला डोळे, मिशा, सगळं आहे, पण तो मुका.

“घटस्फोटवाल्यांचं पोर गं ते,” मिग्दालियाबाई म्हणाल्या. “आवाज बापाकडे, तोंड आईकडे.” मग माझाही घटस्फोट आठवून त्यांनी जीभ चावली. मीच जोरात हसले.

९ जून

आज कर्मचाऱ्यांच्या मुलांचा दिवस होता. ज्युनीला पिवळा रेनकोट घालून तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग एका छोट्या बंद खोलीत तिचं बोलणं, हसणं रेकॉर्ड केलं. वर्षभराचा पास मिळाला. कागद बरेच होते, मागे रांग होती. मी भराभर सह्या केल्या.

मिग्दालियाबाईंना काय झालं कळेना. पोरीला इथे कशाला आणलंस म्हणून माझ्यावर खेकसल्या.

१३ जून

दर शुक्रवारी एक म्हातारा येतो म्हणे. लुंडक्विस्ट नाव. आज मी पहिल्यांदा पाहिला. शेल्फवरचा टकर उचलतो, पोट दाबतो, डोळे मिटून ऐकतो, पुन्हा नीट जागेवर ठेवतो. विकत काही घेत नाही. त्याला कुणी हटकायचं नाही, असं मिग्दालियाबाईंनी बजावलं.

१९ जून

नवा माल आला. टकरची छोटी मैत्रीण, नाव पिप. तोच रेनकोट, तशीच हनुवटीपर्यंत टोपी. मी खोकं फोडलं आणि एकीचं पोट दाबलं.

‘आई, अजून एकदा! अजून एकच!’

माझी ज्युनी! पडलेल्या दाताच्या फटीतून निसटणारा तिचा तो ‘च’ सुद्धा. खरं सांगते, मला आधी अभिमानच वाटला. एक बाहुली घरी आणली. ज्युनी नाचली, पोट दाबदाबून तिने वेड लावलं. रात्री जेवताना तिचा घसा बसला होता.

२२ जून

तीन वेळा शेल्फ भरलं, तीन वेळा रिकामं झालं. घरी आले तर ज्युनी काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते, नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी काल बघितलं होतं. घसा स्वच्छ आहे म्हणाले.

मी बाहुलीचं पोट दाबलं. आवाज खणखणीत. समोर ज्युनीचं तोंड उघडलं आणि मिटलं.

२४ जून

पार्कच्या हक्कांच्या विभागात गेले. फेनविक नावाचा गृहस्थ, अतिशय सभ्य. पाणी दिलं, मुलीची चौकशी केली, माझी सही दाखवली. पिपचा आवाज ही पार्कची मालमत्ता आहे. तुमच्या मुलीचा आवाज गेला ही वैद्यकीय बाब आहे, दोन्हींची गल्लत करू नका, असं त्याने समजावलं. चेहऱ्याबद्दल काही असेल तर मेडोलँडला भेटा म्हणाला.

मी चेहऱ्याचा विषय काढलाच नव्हता.

२७ जून

लुंडक्विस्टला दुकानाबाहेर गाठलं. तो का येतो ते विचारलं.

“तो हसतो ना आत,” तो म्हणाला, “तो माझा मुलगा आहे. इथे ऐकायला येतो. सोमवारी पलीकडे बघायला जातो.”

मुलगा आता कुठे असतो, मी विचारलं.

“घरीच असावा. खुर्चीत कुणीतरी बसलेलं असतं, बाई.”

२८ जून

मेडोलँडला गेले. तिथल्या पिपला टोपी नाही. ज्युनीचा चेहरा. जिन्यावरून पडली तेव्हाची भुवईतली खूण, पडलेल्या दाताची फट. भिंतभर ज्युनी. पोट दाबलं तर काही नाही, सगळ्या बाहुल्या मुक्या.

मी काउंटरवर ओरडले, की हा माझ्या मुलीचा चेहरा आहे. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, “चेहरा आमचाच आहे, मॅडम. आवाजाची तक्रार असेल तर रस्त्यापलीकडे.”

घरी ज्युनी खिडकीशी पाठमोरी होती. वळली. नाक, डोळे, सगळं जागेवर. पण नजर हटवली की मला ते आठवेना. पुन्हा बघितलं. पुन्हा गेलं.

२९ जून

नोकरी सोडली. मिग्दालियाबाई रडल्या. त्यांनी असं आधी एकदा होताना पाहिलं होतं. बोलल्या असत्या तर नोकरी गेली असती. मला माफ करू नकोस, म्हणाल्या. केलं नाही.

सामान भरून दुपारी निघालो. उत्तरेकडे. वीस मैलांवर मागे हात नेला तर ज्युनीचा हात गार पडलेला. तीस मैलांवर मी तो धरला होता, तरी हातात काही लागेना. आरशात मागची सीट —

गाडी वळवली. पार्कची कमान दिसली तसा हात पुन्हा हाताला लागला.

१ जुलै

तीन वकील. तिघांनी कागद वाचला, तिघांनी परत दिला. शेवटचा ज्युनीकडे बघून म्हणाला, मुलीला आणायचं होतं ना सोबत.

ती माझ्या मांडीवर होती.

२ जुलै

पत्र आलंय. दोन्ही पार्कांच्या सह्या, पहिल्यांदाच एकत्र. पिप हे नाव मुलांना रुचलं नाही. आता बाहुलीला ज्युनीचं खरं नाव देणार. चार तारखेच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत जाहीर करणार. त्यानंतर ते नाव परवानगीशिवाय घेता येणार नाही, कुणालाही —

कुणालाही. असंच लिहिलंय.

३ जुलै

फेनविकचा फोन. दोन्हीकडचे लोक उद्या येणार आहेत, मुलीला घेऊन फाटकाशी या, काहीतरी मार्ग काढू. आवाजात खरी कणव होती. दुसरं काय करू? जाणार.

४ जुलै

कुणी आलं नाही. फेनविक नाही. कुणीच नाही.

मिरवणुकीच्या मुली आल्या, चाळीसेक, पिवळे रेनकोट, सगळ्यांना मेडोलँडचे मुखवटे. चाळीस ज्युनी. गर्दीचा लोंढा आला आणि हात सुटला — ती त्यांच्यात गेली — कठड्याच्या आत मला सोडत नाहीत —

वाजंत्री थांबलीय. रांग अजून उभी आहे. कर्ण्यावरून एक माणूस काहीतरी जाहीर करतोय. आता सगळ्या मुली कमानीतून आत जातील.

हाक मारली तर वळेल. तिचे कान अजून तिचेच आहेत, ते कुणी मागितले नाहीत. एकच वळेल, तीच माझी.

लोक टाळ्या वाजवतायत. सगळे तेच नाव ओरडतायत — मला नीट ऐकू का येत नाही — घाई करायला हवी, पण आधी इथे लिहून घेते, निसटू नये म्हणून. माझ्या मुलीचं नाव