तुझ्या पानावरची बेरी

प्रिय माय,

तुला तूप आवडायचं का?

परवापासून हा एकच प्रश्न घेऊन बसले आहे आणि मला उत्तर येत नाही. लोकांनी काय खावं, किती खावं, कधी खावं हे सांगण्याचं माझं काम. आहारशास्त्राची पदवी घेतलेली मी, आपल्या घरातली पहिली पदवीधर! आणि मला माझ्याच आईचं हे एवढंसं सांगता येत नाही.

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. त्यासाठी यवतमाळहून चार दिवसांची रजा काढून आले. स्वयंपाक झाला, कावळ्यासाठी पान वाढायला घेतलं, तेव्हा मोठी आत्या म्हणाली, "तिच्या आवडीचं ठेवा काईतरी."

आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. खरं सांगते. बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा डोकं खाजवत म्हणाला, "चहा?" तीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो, तिच्या आवडीचा एक पदार्थ घरात कुणाला माहीत नव्हता. मलाही नाही!

शेवटी आत्याच म्हणाली, "बेरी ठेव वो. तिले बेरी आवडे."

आणि ठेवली! वरण, भात, वडे, पुरणाची पोळी आणि कडेला चमचाभर बेरी. तूप कढवलं की कढईच्या तळाशी जे करपट-तांबूस उरतं, ते.

"कोनं सांगतलं तुले, की आवडे?" मी विचारलं.

"सांगाले कायले पाह्यजे? जनमभर खाल्ली ना तिनं."

म्हणून हे पत्र.

आठवतं का तुला, तू लोणी कढवायला बसलीस की मी चुलीजवळून हलायची नाही. तू सांगायचीस, "आवाजाकडे ध्यान दे पोरी." आधी लोणी तडतडायचं, मग गप्प व्हायचं. ते गप्प झालं की तू कढई उतरवून खाली ठेवायचीस. तूप बरणीत जायचं, बरणी शिंकाळ्यावर. तिथून ते बाबांच्या ताटात, दादाच्या ताटात, पाहुण्यांच्या ताटात. उरलेलं दिग्रसला ठरलेल्या दोन घरी विकायला. कढई मात्र आपल्या दोघींची. तू त्यात गरम भाकर फिरवायचीस, बेरीवर साखर भुरभुरायचीस आणि माझ्या कानात सांगायचीस, "साऱ्यायले सांगू नको. दम तं सारा बेरीतच रायते. तूप म्हंजे नुसतं वरचं पानी."

मी विश्वास ठेवला, माय! दादाच्या भातावर तुपाची धार पडायची तेव्हा मला त्याची कीव यायची. बिचाऱ्याला पाणीच मिळतंय, असं वाटायचं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तुपात खरं काय असतं ते पुस्तकात वाचेपर्यंत मी तुझी ही थाप खरी धरून चालले होते. का मारलीस अशी थाप? मी मागू नये म्हणून? की सांगता सांगता तुलाही खरी वाटायला लागली होती?

माझ्या जन्माची गोष्ट तर तू हसून सांगायचीस. दादाच्या वेळी सव्वा महिना तुझ्या जेवणात रोज तूप होतं. माझ्या वेळी बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून बरणी पुन्हा शिंकाळ्यावर चढली. "पोरीले काय, पोरी तं वाऱ्यावर वाढतेत," असं आजी म्हणाली होती म्हणे. तू तिची नक्कल करायचीस, मान वेळावून. मीही हसायची. आता विचारते, त्यात हसण्यासारखं काय होतं गं?

तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक काम दिलं होतं. घरातल्या एका बाईला विचारायचं, गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्लं, आणि तक्ता भरायचा. मी तुलाच पुढं बसवलं. तू वही पाहून लाजलीस.

"सकाळी चहा घेतला."

"मग?"

"मंग तुमचं सारं झाल्यावर जे व्हतं ते."

"ते म्हणजे काय, माय? किती?"

"आता ते कोन मोजते वो? व्हतं ते खाल्लं."

तक्त्यात धान्य, डाळी, दूध, भाज्या, स्निग्ध पदार्थ असे रकाने होते. 'तुमचं झाल्यावर जे होतं ते' असा रकाना नव्हता. मी खाली 'इतर' असं लिहिलं आणि वही जमा केली. चांगले गुण मिळाले, माय. त्याची मला आजही लाज वाटते.

मग मला यवतमाळात आहारतज्ज्ञ मॅडमकडे काम लागलं आणि त्यांच्याकडे ते पॅलिओ डाएट सुरू झालं. सुट्टीत घरी आले तेव्हा तुला समजावून सांगत होते, आठवतं? शेती सुरू व्हायच्या आधी माणूस जे खायचा, तेच खायचं.

"मंग बंद काय काय?" तू शेंगा सोलता सोलता विचारलंस.

"ज्वारी बंद. गहू, तांदूळ बंद. तूर बंद, हरभरा बंद, सोयाबीन बंद. साखर बंद, दूध-दहीसुद्धा बंद."

तू दारातून समोरच्या तुरीकडे पाहिलंस. "तुह्या मॅडमनं आपलं आख्खं वावरच बंद करून टाकलं! मानसानं खावं काय मंग, कापसाची पऱ्हाटी?"

"अंडी, मटण, भाज्या, बदाम. आणि तूप."

"तूप?" तुझा हात थांबला.

"तुपातलं दूध कढून, गाळून जातं ना, म्हणून ते चालतं. बाया काळ्या कॉफीत घालून पितात. चमच्याने नुसतंही खातात."

"शेती नोती तवा गाय कोनाच्या दावनीले व्हती वो? लोनी कोनं घुसळलं त्या मानसाचं? बायकोनंच ना?"

मी तुझा प्रश्न वहीत टिपून घेतला. सोमवारी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आपण तत्त्व घ्यायचं गं, एवढं खोलात नाही जायचं." म्हणजे उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. माझ्या सगळ्या अभ्यासात त्या पद्धतीला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता, माय. तू चौथीपर्यंत शिकलेली!

पण त्या दिवशी तू आणखी एक विचारलं होतंस. शेंगांची पाटी बाजूला सारून, आवाज खाली करून.

"बाया खातात? सोताच? चमच्यानं?"

"हो."

"अन् कोनी पाह्यत नाही?"

मी खूप हसले. यवतमाळच्या खोलीवर जाऊन मैत्रिणींना हा किस्सा सांगितला, त्याही हसल्या. मी मूर्ख होते. तू विनोद करत नव्हतीस.

पुढं मॅडमना घरचं गावरान तूप हवं झालं आणि ते तुझ्याकडूनच जाऊ लागलं. त्यांची अट होती, तूप काचेसारखं दिसलं पाहिजे, तळाचा कणही नको. तळाचं म्हणजे दूधच, ते फेकून द्या. "फेका?" तू कपाळाला हात लावलास. "बेरी फेका?" मग पांढऱ्या फडक्यातून तीनदा तूप गाळून डबा भरलास, बेरी एका ताटलीत काढलीस आणि म्हणालीस, "बरं हाय. त्यायचं तूप त्यायले, माही बेरी मले." तेव्हाही मी समोर होते. मी डब्याचं झाकण लावत होते!

मॅडमकडे मी चाळीसेक बायकांचे तक्ते केले असतील. कुणाचं वजन, कुणाची साखर, कुणाचे गुडघे. तुझा एकही केला नाही. तुला जिना चढताना धाप लागायची, पापणी खाली ओढली की आत पांढरं फटक दिसायचं. अंगात रक्त कमी आहे, हे मला परक्या बाईत लगेच दिसलं असतं. मग ताप आला आणि पाचव्या दिवशी तू गेलीस. तूप खाल्लं असतं तर वाचली असतीस, असं मी म्हणत नाही. असं म्हणू नये, एवढं तरी मी शिकले आहे. पण तुझ्या पानावर बेरी ठेवून 'तिला हेच आवडायचं' असंही मी कुणाला म्हणू देणार नाही.

तुला नात झाली, माय! महिन्याची आहे, नाक तुझंच. वहिनीचे आई-वडील नाहीत, म्हणून बाळंतपण आपल्याच घरी झालं आणि आत्या मदतीला येऊन राहिली. ती राबते खूप, तूपही आता तीच कढवते, खोटं कशाला सांगू. पण मी आले त्या दिवशी वहिनीच्या ताटात पाहिलं, तर तुपाचा नुसता डाग होता. मॅडमकडे जायचा डबा मात्र काठोकाठ भरलेला.

"हे एवढंच?" मी म्हटलं.

"पोरगी तं हाय," आत्या म्हणाली. "पोरगं असतं तं गोष्ट अलग व्हती." वहिनी खाली मान घालून जेवत राहिली. थोडीशी हसलीसुद्धा. अगदी तुझ्यासारखी. तिथेच माझं डोकं फिरलं.

परवा पानावर बेरी ठेवल्यावर मी ती काढली नाही. बाजूला तुपाची वाटी ठेवली. म्हटलं, दोन्ही आहे, तिचं ती ठरवेल. कावळा आला आणि वडा घेऊन गेला! तूही तशीच, उत्तर म्हणून द्यायचं नाही कधी.

मग पंगत बसली. पुरुष बाहेर छपरीत, आम्ही आत, मागून जेवणार. मी तुपाचं भांडं उचललं, आतल्या खोलीत पानं मांडली आणि वहिनीला, आत्याला, शेजारच्या दोघी काकूंना खाली बसवलं. बाहेरून बाबांचा आवाज आला, "तूप येऊ दे बाई."

"येते, बाबा. आतलं वाढून झालं की."

धाकटे काका ओरडले, "काहून वो, शिकली म्हनून उलटी चालून राह्यली काय?"

"सुलटी चालून पाह्यली, काका. माय गेली तरी तिले काय आवडे ते कोनाले माहीत नाही."

मी भांडं घेऊन दारात उभी होते. बाबांनी वरण-भात कालवून ठेवला होता, बोटं तशीच भातात. मग ते म्हणाले, "वाढू दे तिले. म्या बी कदी इचारलं नाही." दादा उठून आत आला आणि दुसरी वाटी भरून घेऊन शेवटच्या पानाशी उभा राहिला.

वहिनीच्या भातावर मी धार सोडली ती तिनं 'पुरे' म्हणेपर्यंत. ती म्हणायला तयार नव्हती, त्यामुळे बरंच पडलं! आत्याकडे आले तर तिनं सवयीनं पानावर हात आडवा धरला. "मले नोको." बाईनं असंच म्हणायचं असतं, नाही का? मी हलले नाही. भांडं वाकवून तशीच उभी राहिले. हळूहळू तिचा हात बाजूला झाला. ती खाली पाहून जेवली, चार घास, पाच घास. मग मान वर न करता म्हणाली, "हाय का अजून?"

माझा सगळा राग तिथं भांड्यातच राहिला, माय. तिलाही जन्मभर कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी आधी पोटभर तूप खाल्लं आणि नंतर कढई पुसून साखर घालून बेरी खाल्ली. आता दोन्ही खाऊन सांगते, मला बेरीच जास्त आवडते. थाप तू मारली होतीस, चव मात्र खरी निघाली. पण हे मी निवडून सांगते आहे, एवढाच फरक.

काल मॅडमना फोन केला. ह्या महिन्याचं तूप येणार नाही, असं मी सांगितलं.

"अगं, बायका थांबल्यात! तुझ्या घरी कोण पॅलिओ करतंय?"

"कुणी नाही, मॅडम. वहिनी बाळंतीण आहे. ती भाकर खाते, तुरीचं वरण खाते आणि त्यावर तूप खाते."

मॅडम चिडल्या. अशानं काम कसं चालेल, कामावर यायचं की नाही ते ठरव, म्हणाल्या. सोमवारी मी जाणार आहे. ठेवलं तर करीन. नाही ठेवलं तर दुसरीकडे करीन. पण कुठंही करीन तिथं तुझ्यासाठी हे वचन आहे. माझ्यासमोर जी बाई बसेल तिला वजन विचारायच्या आधी मी विचारीन, बाई, तुला काय आवडतं? आणि घरात तुझ्या आधी कोण कोण जेवतं? 'इतर' असं मी पुन्हा लिहिणार नाही.

आज सकाळी तो काठोकाठ भरलेला डबा मी वहिनीच्या उशाशी ठेवला. झाकण काढून घेतलं, चमचा आतच ठेवला आणि खोलीचं दार सताड उघडं केलं. तिनं घेतलं, माय. नुसतं, चमच्यानं. छपरीत बाबा होते, दादा होता, आत्या बाळाला तेल लावत होती.

सगळे पाहत होते.

तुझी,
आशू