पाच नंबरची खुंटी

३ तारीख, सोमवार

खांब आज चुकीच्या खुंटीखाली बसला!

सगळे हसले. मीही हसलो. न हसून करतो काय? पण हातातली बुटांची जोडी खाली ठेवावी लागली मला.

खांब म्हणजे आमचा पाच नंबर. बचावाच्या मधोमध उभा राहतो, वरून येणारा प्रत्येक बॉल डोक्याने परतवतो, म्हणून खांब. पाच वर्षं खिडकीजवळच्या खुंटीखाली बसतोय. आमच्या खोलीत जागा म्हणजे जागा. माणूस एकवेळ स्वतःचं घर चुकेल, पण दुसऱ्याच्या खुंटीखाली टेकणार नाही. आणि हा सरळ दाराजवळ जाऊन बसला, बुटाच्या नाड्या सोडायला लागला! संघात नवा आला तेव्हा पहिलं वर्ष तो तिथे बसायचा. आता तिथे पंप्या बसतो. आमचा गोलकीपर.

पंप्या म्हणाला, "काय मालक, जागा भाड्याने घेतली का?"

खांब हसला. पण हसण्याआधी त्याने माझ्याकडे पाहिलं. बाजारात आईचा हात सुटलेलं पोर पाहतं तसं.

४ तारीख, मंगळवार

झोप नीट नाही. सकाळी कुलूप लावलं की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून दोनदा परत फिरलो. लावलेलं होतं.

लिहूनच टाकतो. गेल्या मॅचला खांबाचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं. आवाज बाकापर्यंत आला. नारळ फुटल्यासारखा. तो उठला, हात वर केला, शेवटपर्यंत खेळला. नंतर बेसिनमध्ये ओकला. मी पुसलं.

"काका, सकाळचं काहीतरी बाधलं."

मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

होतं असं कधी कधी! एकतीस वर्षं या संघाच्या जर्सी धुतोय, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरतोय. कोणाला काय होतं ते मोजे धुणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं. आणि तोंडातून निघालं काय, तर हे.

५ तारीख, बुधवार

कोचने विचारलं, "काका, पोरं बरी आहेत ना?"

"बरी आहेत."

दाराच्या आतल्या बाजूला कॅप्टनने लाल रंगाने लिहून ठेवलंय: इथलं इथेच. खोलीत भांडा, रडा, शिव्या द्या. दाराबाहेर एक शब्द जाता कामा नये. या दोन शब्दांवर संघ एक राहिलाय, हे मीही मानतो. मागच्या वर्षी एका उजव्या विंगच्या पोराने कोणीतरी पिऊन सरावाला येतो हे कोचला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे बादलीत, बादली व्हरांड्यात. कोणी मारलं नाही, कोणी बोललं नाही. पास तेवढा देईनासे झाले. महिन्याभरात तो गेला.

बादली बाहेर कोणी नेली? मीच. "काका, जरा बाहेर ठेवता?" म्हणाले, आणि मी ठेवली.

६ तारीख, गुरुवार

सराव संपल्यावर कॅप्टनने दार लावून घेतलं. आत आम्ही दोघंच. हल्ली त्याला बोलताना अख्खी मान वळवून बघायची सवय लागलीय, घुबडासारखी. वळताना खांदा दाराच्या चौकटीला आपटला. चिडलेला होता.

"काका, तुम्ही पाहिलंत ते मीही पाहिलंय."

"मग डॉक्टरला —"

"डॉक्टर मॅचच्या दिवशी येतो, खांबालाच विचारतो बरं वाटतंय का. तो म्हणतो बरंय. मग तुम्ही कोण, मोठे सर्जन?"

"अरे, पण त्याला जागा आठवेना —"

"दोन मॅच राहिल्यात. हरलो तर खालच्या गटात. खालच्या गटात गेलो तर अर्धी पोरं दुसरीकडे जातील, खोली रिकामी. मग धुवा कोणाचे मोजे धुता ते." मग आवाज खाली आणला. "त्याच्या घरी लहान मुलगी आहे, काका. बाहेर बसवलं तर पुन्हा कोण घेईल त्याला?"

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? त्याचंही खोटं नाही. म्हणून तर जास्त अडकलो.

८ तारीख, शनिवार

खांबाने तीनदा विचारलं, उद्या मॅच कोणाशी? तिसऱ्यांदा मी उत्तर देताना त्याने वाक्य मधेच तोडलं. "सांगितलंत ना मघाशी. माहितीय मला." आणि खिशातून कागद काढला. त्यावर लिहिलेलं होतं — मॅच कोणाशी, किती वाजता, माझी जागा खिडकीजवळ.

कागद परत खिशात घालताना म्हणाला, "काका, इथलं इथेच."

डोक्याला पुन्हा एक फटका बसला तर? आणि बसणारच! त्याचं कामच ते आहे. खांब बॉल आला की बाजूला होतो का कधी?

९ तारीख, रविवार, सकाळ

पाच नंबरची जर्सी पिशवीत भरली. काढली. भरली. काढली.

९ तारीख, संध्याकाळ

हरलो. एक-शून्य.

आमच्याकडे रीत अशी, की मॅचच्या आधी तासभर मी यादीप्रमाणे जर्सी खुंट्यांवर लावतो. माझ्याखेरीज कोणी हात लावत नाही. रेफरीच्या कागदावर नंबर गेलेला असतो, दुसऱ्या नंबरात खेळता येत नाही. दुसरा संच पांढरा, आणि समोरचेही पांढरेच. हे सगळं मला पाठ होतं. कालपासून तेच तर घोकत होतो.

खिडकीजवळची खुंटी रिकामी. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग खांबच म्हणाला, "काका, माझी?"

मी म्हटलं, "दोरीवर राहिली वाटतं घरी." आवाज माझाच, पण लांबून आल्यासारखा.

कोचच्या तोंडातून काय काय निघालं ते लिहीत नाही. घर लांब, वेळ नाही. खांबाच्या जागी बदली खेळाडू गेला. सत्तराव्या मिनिटाला कॉर्नर आला, उंच, नेमका पाच नंबरच्या जागेवर. तिथे कोणी नव्हतं.

नंतर खोलीत सगळे बूट सोडत बसले. नळाचं थेंब थेंब तेवढं. मग पंप्या म्हणाला, "म्हातारा विसरायला लागला." कोणीतरी म्हणालं, "वय झालं." खांब भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मी काही विसरलो नव्हतो. आणि मी काही बोललोही नाही! दारावरचे दोन शब्द मी पाळले. एवढंच धरून बसलोय.

१० तारीख, सोमवार

सेक्रेटरींनी बोलावलं. "एकदा झालं, समजू शकतो. पुन्हा झालं तर घरी बसा, काका. नातवंडं खेळवा."

घरी आलो तर सूनबाई माझी गादी उन्हात टाकत होती. गादीखालची पाच नंबरची जर्सी तिच्या हातात. घडी केलेली.

"बाबा, तुम्ही म्हणालात दोरीवर राहिली. दोरी तर मी शनिवारीच काढली."

मी पाण्याचा तांब्या उचलला. रिकामा होता. तसाच तोंडाला लावला.

ती बघत राहिली. मग जर्सी परत घडीवर घडी घालून ठेवली. "मी काही पाहिलं नाही हं."

म्हणजे घरातही इथलं इथेच.

११ तारीख, मंगळवार

माझा स्टूल व्हरांड्यात ठेवलाय. बादलीशेजारी. कोणी ठेवला, विचारलं नाही. तिथेच बसून बूट पुसले. दार लावलेलं. आतून हसण्याचे आवाज येत होते. मी गेल्यावर हसतात म्हणजे माझ्यावरच असेल असं नाही. पण वाटतं.

१३ तारीख, गुरुवार

टॉवेल द्यायला आत गेलो. खांब सगळ्यांच्या नंतर आला. खोलीच्या मधोमध थांबला. खिशात हात घातला. कागद नव्हता. बायकोने शर्ट धुवायला टाकला असणार.

दाराजवळ पंप्याची जागा. तिथे वाकला, थांबला, सरळ झाला. पंप्याने जागा करून दिली. या वेळी कोणी हसलं नाही.

"काका, इथे कोण बसतं?"

"पंप्या."

"आणि मी?"

मी त्याचा हात धरून त्याला खिडकीजवळ नेलं. बसवलं. त्याने खुंटीला हात लावला आणि रडायला लागला, एवढा मोठा माणूस, खांदे हलवून हलवून. पंप्या उठून नुसता त्याच्या शेजारी बसला. मग दुसरा. कॅप्टन तेवढा जागेवरच राहिला, मान खाली.

पंप्याच त्याला गाडीवर बसवून मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. डोक्याचा फोटो काढला. आत रक्त साकळलंय. डॉक्टर म्हणाला, रविवारी खेळला असता तर — पुढचं पंप्याने फोनवर सांगितलं नाही. मग म्हणाला, "काका, जर्सी खरंच दोरीवर राहिली होती?"

मी म्हटलं, "हो."

१४ तारीख, शुक्रवार

स्टूल आत आलाय. कोणी आणला, विचारलं नाही.

खांबाला दोन महिने तरी झोपून राहायचंय. वाचला.

१५ तारीख, शनिवार, सकाळ

उद्या शेवटची मॅच. मी कुलूप उघडत होतो तेवढ्यात कॅप्टन आला. एकटाच. आत आला, खांदा पुन्हा चौकटीला आपटला.

"काका, मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. दोन महिने झाले." मग माझ्याकडे न बघता, "उद्या माझी आठ नंबर दोरीवर राहू दे."

"तूच सांग ना कोचला."

"मला नाही जमत." दाराकडे बोट केलं. लाल अक्षरांकडे. "लिहिलंय मीच. तुम्हाला तर सगळे विसरभोळे समजतातच."

सेक्रेटरी काय म्हणाले ते त्याला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

आठ नंबर पिशवीतून काढली, घडी केली. आज घरी नेऊन पाचशेजारी ठेवीन. मग स्टूल उचलला आणि मीच व्हरांड्यात नेऊन ठेवला.