गाण्यातला खुनी

प्रिय सुमन,

यंदा गणपतीत इथल्या मराठी मंडळातली पोरं तुझी गाणी म्हणणार आहेत आणि मला म्हणे तुझ्या लेखनाविषयी आणि गायनाविषयी बोलायचंय. कागद फाडून फाडून दमलो. म्हटलं, लोकांशी बोलण्याआधी तुझ्याशीच बोलून घ्यावं.

रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईने आपल्याच कादंबरीवर गाणं रचावं आणि पुस्तक छापून यायच्या आत ते मंडळात पेटीवर गाऊन मोकळं व्हावं, हा उद्योग तुझ्याशिवाय कुणी केला असता? तोही खुन्याच्या नावासकट! "अहो, चाल सुचली की पोटात राहत नाही," हे वर तुझं उत्तर. पुण्याच्या प्रकाशकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी निक्षून कळवलं, गाणं किंवा कादंबरी, एकच काय ते ठरवा. काय रडलीस गं तेव्हा! पेटी कपाटावर गेली.

मग ती कर्फ्यूची संध्याकाळ. सेक्टर २२ मधलं आपलं भाड्याचं घर आठवतं ना? वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बीजींचे यजमान, सरदारजी, डेराबस्सीच्या कारखान्यातून परतलेच नव्हते. बीजी जिन्यात बसून रस्त्यावरच्या प्रत्येक आवाजाला दचकत होत्या. "सुमन, कुछ गा दे पुत्तर, मेरा दिल डुब्बदा है."

तू मला म्हणालीस, "पेटी काढा." आणि न छापलेली अख्खी कादंबरी गाऊन टाकलीस, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. सगळा जिना ऐकत होता. "कातिल डाक्टर? हाय रब्बा!" बीजींनी कपाळावर हात मारला. तेवढा वेळ तरी त्यांना रस्त्याचा विसर पडला.

सकाळी कर्फ्यू शिथिल झाला आणि सरदारजी सुखरूप आले. ते बूट काढतायत तोवर बीजींनी त्यांनाही खुनी सांगून टाकला!

मी म्हटलं, संपली कादंबरी. तू चहा ठेवलास, शेवट फाडलास आणि डॉक्टरच्या नावावरचा खून त्याच्या देवभोळ्या सासूच्या गळ्यात घातलास. गाणं ऐकलेले सगळे वाचक फसले. प्रकाशक इतके खूश, की पुढे प्रत्येक पुस्तकाआधी त्यांनाच गाणं हवं असायचं. दर खेपेला आम्ही खुनी ओळखायचो आणि दर खेपेला तोंडघशी पडायचो. घरच्या माणसालासुद्धा पत्ता लागू द्यायची नाहीस, हे काही बरं नव्हतं हं!

सेक्टर ३२च्या दवाखान्यातही तू गाणं रचलंस. दिवाळीला घरी येईन, चकल्या तळीन. नर्स मुलींनासुद्धा पाठ झालं होतं. मी भाजणी दळून आणली. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढली, तरी विश्वास ठेवला बघ! तुझ्या गाण्यातला शेवट कधी खरा होता का?

फार आठवण येते गं.

असो. वचन देतो, पोरांनी विचारलं, "आजोबा, असली कातिल कौन?" तर गाण्यातलंच नाव सांगेन. खरं हवं असेल त्याने मराठी वाचायला शिकावं. शिकवायला मी बसेन.

तुझा,
वसंत