टाकीचं पाणी पिऊ नका

४ नोव्हेंबर

चि. खारूताईस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू गेलीस त्या संध्याकाळपासून छापखान्याच्या भिंतीसमोरची गर्दी काही हटत नाही. तुझ्या बाबांचं चित्र अख्ख्या गल्लीने मिळून रंगवलं, त्यामुळे आता प्रत्येकजण मालक झाला आहे. समोरच्या सलूनवाल्याच्या मते भांग चुकला. जन्मभर दादाचे केस त्यानेच कापले. शिंपीणबाईंना कान मोठे वाटतात. मी म्हटलं, वस्तीतलं पहिलं वर्तमानपत्र काढणाऱ्याला कान मोठेच लागतात.

आता नको ती बातमी. नगरपालिकेची नोटीस आली आहे. चित्राला हरकत नाही, पण दादाच्या हातातल्या अंकावर तू जो मथळा रंगवलास, 'टाकीचं पाणी पिऊ नका', त्याने म्हणे नागरिकांत घबराट पसरते. आठ दिवसांत त्या जागी 'पाणी हेच जीवन' लिहा, नाहीतर आम्ही पुसू. दादाने तो छापल्याला तीस वर्षं झाली, तरी खाई त्याला खवखवे. दादाने असला मथळा दिला असता, तर मी प्रुफं तपासायचं सोडून घरी बसले असते.

नाटकाचे पडदे रंगवताना जेवणाची आठवण ठेव. कळावे. लोभ आहेच, अधूनमधून पत्रानेही दाखवत जा.

तुझी,
आत्या


८ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. आत्या, रागावू नकोस, पण मथळा बदलू या. त्या चार शब्दांपायी बाबा आठ महिने तुरुंगात होते. अफवा पसरवली म्हणून त्यांना आत टाकलं आणि ते आत असतानाच नगरपालिकेने टाकी गुपचूप उपसून धुतली, हे तूच मला सांगितलंस. म्हणजे ते खरे ठरले. मग आता पुन्हा हात दाखवून अवलक्षण कशाला? निदान चेहरा तरी राहू दे.

तू पंचाहत्तरीची, त्या छापखान्यामागे एकटी राहतेस. मला तुझी काळजी वाटते. मी सुट्टीच्या दिवशी येऊन अक्षरं बदलते, कुणाला कळणारही नाही.

गुडघ्याला तेल लाव, शिडीवर चढू नकोस. लोभ कमी करू नये, ही विनंती.

तुझी,
खारूताई


११ नोव्हेंबर

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका आहेत. चौथी चूक मजकुराची आहे, ती जास्त वाईट.

मथळा काढला तर भिंतीवर उरतो कोण? चष्मा लावलेला एक सद्गृहस्थ. तसा आमचा पोस्टमनही आहे. कुणाला कळणार नाही, असं 'ध' चा 'मा' करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. दादा गेला, त्याला कळणार नाही हे खरं. मला कळेल. त्या अंकाचं प्रूफ मी वाचलं होतं आणि पुढे काय होणार ते मलाही दिसत होतं. तरी मी एक काना हलवला नाही, तो आता हलवू?

ये जरूर, पण ब्रश तिकडेच ठेवून ये. रागाने लिहिलं आहे, तरी लोभ तेवढाच आहे.

तुझी,
आत्या


१४ नोव्हेंबर

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

काल सकाळी नगरपालिकेने मथळा पुसला. रंगारी बिचारा भला माणूस, खाली मान घालून तेवढीच पट्टी पांढरी करून गेला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग स्टूल आणलं. (शिडी नव्हे.) प्रुफात कुणी चांगला मजकूर चुकून खोडला, तर त्याखाली टिंबं द्यायची आणि समासात 'कायम' लिहायचं, अशी आमची रीत. म्हणजे खाडाखोड रद्द, मजकूर होता तसाच छापायचा. तर पांढऱ्या पट्टीखाली मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी टिंबं दिली आणि बाजूला टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'कायम'.

दुपारी साहेब स्वतः आले. मी सांगितलं, नोटिशीत टिंबांचा उल्लेख नाही. शिंपीणबाई कात्रीसकट बाहेर आल्या, सलूनवाला गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून आला. साहेबांनी विचारलं, कायम म्हणजे काय कायम? तेव्हा त्या गिऱ्हाइकानेच, गालावर साबण तसाच, मथळा म्हणून दाखवला. मग सगळी गल्ली म्हणाली. साहेब पुन्हा नोटीस पाठवतो म्हणून गेले. पाठवू देत. भिंतीवर अक्षरं होती तोवर माणसं बघून पुढे जात. आता थांबून विचारतात आणि कुणी ना कुणी सांगतं.

कळावे. लोभाखाली टिंबं द्यायची गरज नाही, तो कुणी खोडलेलाच नाही.

तुझी,
आत्या


१८ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही. मी नऊ वर्षांची होते. आई मला तुरुंगात बाबांना भेटायला घेऊन गेली होती. बातमी खोटी होती असं लिहून दिलं तर सोडतील, हे मी घरात ऐकलं होतं. मी त्यांना म्हणाले, बाबा, लिहून द्या ना, चारच तर शब्द आहेत. माझी वेणी सुटली होती, ती त्यांनी घट्ट बांधून दिली. चित्र रंगवताना ते मला सारखं आठवत होतं आणि मागच्या पत्रात मी पुन्हा तेच लिहिलं.

सुट्टीच्या दिवशी येते आहे, ब्रश घेऊनच. नव्या नोटिशीवर तुझ्याबरोबर माझंही नाव घालायला साहेबांना सांग.

आणि आत्या, त्या दिवशी बाबांना जे म्हणाले होते, ते मी आज खोडते आहे. त्याखाली टिंबं देऊ नकोस.

तुझी,
खारूताई