पत्राचं दुसरं पान

ऑकलंड,
४ ऑगस्ट १९९३

ती. आजीस लावीचा सा. न. वि. वि.

आजी, आमच्या सिनेमाची कॅसेट आली! बोटीने आपल्या बेटावर पाठवली आहे. पहिल्याच सिनेमात तुझी नात नायिका. सोळा वर्षांची मुलगी, एक सायकलवाला मुलगा आणि पहिलंवहिलं प्रेम. एवढीच गोष्ट. शेवट सांगत नाही. आत्या दोनदा रडली. तू रडणार नाहीस, पैज लावते. पुढे बघ.

(पान २) आता महत्त्वाचं. तू सभागृहात सगळ्या गावाला दाखवणार, ते मला ठाऊक आहे. व्हिडिओ फेलेतीदादाच चालवणार, कारण दुसऱ्या कुणाला येत नाही. पण धक्क्यावरच्या प्रसंगात तो मुलगा माझं चुंबन घेतो. आपल्यात बहीण-भावासमोर असल्या गोष्टीचा शब्दसुद्धा काढत नाहीत, मग ते भावासमोर दिसणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. आम्ही सायकली धक्क्याकडे वळवल्या, की काहीतरी निमित्त काढून दादाला बाहेर ने आणि पाच मिनिटं आत सोडू नकोस. तो प्रसंग सहा वेळा घ्यावा लागला, आजी. दर वेळी मला दादा आठवायचा. डिसेंबरात त्याच्या लग्नात बहिणीच्या मानाच्या चटईवर बसायचं आहे मला, ते विसरू नकोस.

तुझी लाडकी (आत्या म्हणते लाडावलेली),
लाविनिया


वावाऊ,
२९ ऑगस्ट १९९३

चि. लाविनिया हिस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

नाव काढलंस हो पोरी. काल तुझा सिनेमा लावला. चटया कमी पडल्या, म्हाताऱ्या खिडक्यांत चढून बसल्या. चर्चच्या पाळकांची बायको नवी टोपी घालून पुढे बसली, म्हणजे मागच्या चार ओळींनी सिनेमाऐवजी तिची टोपीच पाहिली. पहिला अर्धा तास जो तो माझ्याकडे बोट दाखवत होता, हिची नात, हिची नात म्हणून. मग तुम्ही गेलात धक्क्यावर.

फेलेती टीव्हीला लागूनच उभा होता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सख्खा भाऊ समोर उभा असताना! त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. बंद करायचं बटण शोधायला वर बघावं लागलं असतं, आणि वर तू होतीस. शेवटी त्याने कपड्यांवरून कमरेला बांधलेली मानाची चटई सोडली आणि न बघता टीव्हीवर टाकली. चटईखालून त्या सायकलवाल्याचं गोड गोड बोलणं चालूच. थोरांपुढे चटईशिवाय जाऊ नये, तरी तशाच मोकळ्या कमरेने फेलेती पाळकांसमोरून बाहेर गेला. मागोमाग सगळे चुलतभाऊ उठले, तेही तुझे भाऊच. पाच मिनिटांत सभागृहात मी, टोपी आणि तुझा सिनेमा.

तो आता गावात मान वर करून चालत नाही. म्हणतो, लावीने सगळ्यांसमोर माझी अब्रू घालवली, लग्नाला तिला बोलवू नका. मी तरी काय सांगू? मला ठाऊक असतं तर त्याला बाहेर नेलं नसतं का? तुझ्या पत्रात ‘पुढे बघ’ लिहिलं आहेस, पुढे काहीच नव्हतं. एकच पान आलं. तेच मी सगळ्यांना सांगितलं. शहरात जाऊन सिनेमा करता आला, आणि पाकिटात दोन कागद घालता येईनात?

तब्येतीला जप. जास्त लिहीत नाही, राग आला की माझं अक्षर आणखी बिघडतं.

तुझी आजी


ऑकलंड,
१७ सप्टेंबर १९९३

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्याने उघडलं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. दुसरं पान मी लिहिलं होतं, आजी, खरंच लिहिलं होतं. त्यात तुला सगळं नीट सांगितलं होतं. पण पाकिटात घातलं की नाही, याची आता मलाच खात्री वाटत नाही. त्या दिवशी घाई होती. माझंच चुकलं असेल.

रविवारी चर्चबाहेर आपल्या गावच्या बायका आत्याशी हवापाण्याचंच बोलल्या. सिनेमाचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी मला बोल लावले असते तर बरं वाटलं असतं.

दादाला काय लिहू? हा विषयच मी त्याच्याकडे काढू शकत नाही. कागदावरही नाही, जन्मभर नाही. म्हणून ठरवलंय, डिसेंबरात मी येत नाही. माझ्याकडे बघून त्याला ते आठवावं, तेही लग्नाच्या दिवशी, असं मला नको. नव्या सिनेमाला नाही म्हटलं. आणि तुला म्हणून सांगते, तो सायकलवाला मुलगा मला खरोखरच थोडासा आवडायला लागला होता. आता तो समोर आला की मला टीव्हीवर टाकलेली चटई दिसते. मी रस्ता बदलते.

माझ्यामुळे तुलाही ऐकून घ्यावं लागलं. रागावू नकोस.

तुझी,
लावी


वावाऊ,
१० ऑक्टोबर १९९३

चि. लावी हिस आशीर्वाद.

दुसरं पान आलं होतं.

मी ते तीनदा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, त्यामुळे पाठच झालं. तू काहीही विसरली नव्हतीस.

तुमच्या सायकली धक्क्याकडे वळल्या तेव्हा मी उठायला हवं होतं. निमित्तही ठरवून ठेवलं होतं, जनरेटर धूर टाकतोय असं सांगणार होते. उठले नाही, कारण मला बघायचं होतं. सत्तर वर्षांची बाई मी, गावातल्या पोरींना पाय झाकून बसायला सांगणारी, आणि तोंड उघडं टाकून बसले. तो पोरगा तुझ्या हाताला हात लावायला किती वेळ घेतो गं! अर्ध्यात थांबतो, तुझ्याकडे बघतो, परत थांबतो. मला सतराव्या वर्षी चर्चमध्ये नेऊन उभं केलं. तुझ्या आजोबांचा हात कसा आहे ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, कोनफळांची टोपली दोघांनी मिळून उचलली तेव्हा. माणूस वाईट नव्हता. पण असं विचारत विचारत मला कुणी हात लावला नाही. म्हटलं, एवढं बघते आणि उठते. तेवढ्यात शिट्ट्या झाल्या. नंतर टीव्हीवरची चटई उचलायचा धीर झाला नाही, म्हणून शेवट काय होतो ते मला कळलंच नाही, आणि आता विचारायची लाज वाटते.

मग सगळे माझ्याकडे वळून विचारायला लागले, की तुला माहीत नव्हतं का? तोंडातून ‘नाही’ निघून गेलं. एकदा गेल्यावर तेच घोटत राहिले, तुलासुद्धा तेच लिहिलं. वाटलं, तू लांब आहेस, लोक विसरतील. मग तुझं ते ‘माझंच चुकलं असेल’ वाचलं. मी खोटं बोलले आणि तू ते खरं करून द्यायला निघालीस.

काल सकाळी फेलेतीकडे गेले. तो नारळ सोलत होता. पान त्याच्या हातात देता येईना, त्यात नेमकं तेच लिहिलेलं. म्हणून म्हटलं, बहिणीने तुला बाहेर न्यायला सांगितलं होतं, मी नेलं नाही. त्याने विचारलं, का? सांगितलं, मला बघायचं होतं. नातवापुढे हे बोलताना मी त्याच्या पायाकडे बघत होते, तो नारळाकडे. हातातला नारळ सोलून त्याने बाजूला ठेवला. मग त्याने एवढंच विचारलं, की तिने हे आधी कळवलं होतं, स्वतःहून? हो म्हटलं. तर म्हणाला, तिची जागा रिकामी ठेवून मी लग्नाला उभा राहणार नाही, तिला तसं लिही. कालपासून जेवायला धाकट्या काकीकडे जातो. बरोबरच आहे त्याचं.

दुपारी चटया विणायला बसलेल्या बायकांनाही सांगून टाकलं. या वेळी फेलेती शेतावर गेल्याची आधी खात्री केली. पाळकांच्या बायकोने मान डोलावली आणि केवड्याची पानं मोजत बसली. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि सुटले असते.

बोट दर गुरुवारी लागते. तुला उतरवून घ्यायला तो धक्क्यावर येईल. मी घरीच थांबेन. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू आल्यावर ठरव. त्या पोराला बघून मात्र रस्ता बदलू नकोस. लाज माझी आहे, ती तू वापरू नकोस.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं मागायची रीत आहे. या खेपेला मी मागत नाही. तू ये.

आजी